कोबीच्या रसाचे एकवीस दिवस

ग्लाफिरा तिखोनोव्हनाच्या हाताने कोबी नासतो, हे आमच्या झाओझेर्ये गावात तळ्यातल्या बदकांनासुद्धा ठाऊक होतं. १९५१ साली सामूहिक शेताच्या भोजनगृहासाठी तिने कोबीला मीठ लावून दोन पिंपं भरली होती, आणि नव्या वर्षाच्या सुमाराला दोन्ही पिंपांतला कोबी बुळबुळीत झाला. तळघर उबट होतं, मिठाला ओल आली होती, पिंपं कुणी धड धुतली नव्हती. पण तळघराला नावं ठेवून कुणाला काय मिळणार? शेजारच्या अन्फिसाने झाकण उचललं, डोक्याच्या रुमालाचं टोक नाकाला लावलं आणि म्हणाली, "हिचा हातच तसला." झालं. निकाल लागला.

थंडीचा पहिला कडाका पडला की आमच्याकडे बायका एकेका घरी जमून कोबी चिरतात. लाकडी डोणीत दहा-दहा सुऱ्या एकदम चालतात, गाणी होतात, उखाळ्यापाखाळ्या होतात, शेवटी सारण भरलेल्या गरम पिरोगी होतात. त्या शरदापासून ग्लाफिराला बोलावणं यायचं, पण गाजरं खरवडायला. मिठाच्या डब्यापासून तिला हात-दोन हात लांब बसवायचे. दोन वर्षं तिने गाजरं खरवडली. तिसऱ्या वर्षी ती गेली नाही. का आली नाहीस, असं विचारायला कुणीही आलं नाही. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही आणि विसरलीही नाही.

तिचं बाकीचं आयुष्य चार ओळींत संपण्यासारखं. उस्तिनशी लग्न झालं, आठ महिने संसार झाला, मग युद्ध आलं आणि उस्तिनच्या जागी सरकारी कागद आला. मूलबाळ नाही. तीस वर्षं भाजीच्या गुदामात वजनकाट्यापाशी उभी राहिली आणि पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. दुसरं लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "कुणी विचारलंच नाही." आणि हसायची, म्हणजे पुढचा प्रश्न येऊ नये. कुणाच्या दारी आपण होऊन जायचं नाही, हा तिचा बाणा. गावाला तो गर्व वाटे. मला विचाराल तर ती नुसती भीती होती. पण भीतीसुद्धा तीस वर्षं ताठ उभी राहिली की लोक तिला गर्वच म्हणतात.

घरामागच्या तुकड्यात ती दरसाल चाळीस गड्डे कोबी लावायची. तळ्याकाठच्या काळ्या गाळात दुसरं काही इतकं माजत नाही. पण खारवायची सोय नाही म्हटल्यावर एकट्या बाईने चाळीस गड्ड्यांचं करायचं काय? सूप करून करून किती करणार? ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या १९७८ च्या शरदात या प्रश्नाला अचानक उत्तर मिळालं. ते उत्तर एल्विरा पाव्हलोव्हना घेऊन आली.

एल्विरा ही गावातल्या आरोग्यकेंद्राची सेविका. चोवीस वर्षांची, शहरातून नेमणुकीवर आलेली, चष्मा घालणारी पोर. एका दुपारी ती सावेली निकानोरोविचला जवळजवळ दंडाला धरूनच ग्लाफिराच्या घरी घेऊन आली. सावेली म्हणजे आमचा भट्टीवाला. गावातल्या निम्म्या घरांतल्या, घर तापवायच्या विटांच्या भट्ट्या त्याने बांधलेल्या. चौसष्ट वर्षांचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी यारोस्लाव्ल शहरात. वाळका पाव आणि तंबाखू यांवर जगायचा, आणि आता पोट धरून चालायचा.

"यांच्या पोटात व्रण आहे," एल्विरा म्हणाली. "एक्स-रे फोटो काढलाय. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात दाखल व्हा. हे म्हणतात नाही."

"कापतात तिथे," सावेली दारातूनच म्हणाला. "दोन तृतीयांश पोट कापतात आणि उरलेलं घेऊन घरी जा म्हणतात. मी काय बोकड आहे?"

"म्हणून डॉक्टरांनी तीन आठवडे दिलेत. पथ्य, पावडर, आणि कच्च्या कोबीचा रस. त्यात यू जीवनसत्त्व असतं. व्रण भरून येतो असं म्हणतात. गुण आला नाही तर मात्र ऑपरेशन, तेव्हा मी ऐकायची नाही." मग ग्लाफिराकडे वळून ती जरा हळू बोलली, "खरं तर त्याला जीवनसत्त्व म्हणावं की नाही यावर मोठ्या डॉक्टरांत वाद आहेत. त्याच्यावाचून कुणी आजारी पडल्याचं दिसत नाही ना. पण कोबीने नुकसान तर नाही? तुमच्याकडे चाळीस गड्डे आहेत, खिम्याचं यंत्र आहे. रस काढल्या काढल्या प्यायला हवा, ठेवलेला चालत नाही. दिवसातून तीनदा. एकवीस दिवस."

ग्लाफिराने सावेलीकडे पाहिलं. तो भिंतीतल्या भट्टीकडे पाहत होता.

"ही कुणी बांधली?" त्याने विचारलं.

"तुम्हीच. एकोणसाठ साली."

"तरीच अजून उभी आहे," तो म्हणाला आणि आत आला.

पहिला दिवस अवघड गेला. यंत्रातून चिरलेला कोबी काढायचा, मग जाळीच्या कापडात बांधून पिळायचा. मनगटं भरून आली आणि रस निघाला जेमतेम पेलाभर. सावेली कोट न काढता बाकाच्या टोकाला बसला, नाक दाबून तो प्यायला आणि डोळे पुसत म्हणाला, "तिखोनोव्हना, हे औषध आहे की शिक्षा?"

"शिक्षा असती तर दिवसातून एकदाच दिली असती."

तो हसला. या घरात पुरुषाचं हसणं कधी उमटलं होतं, हे ग्लाफिराला आठवेना.

सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा. तिच्या दिवसाला एकदम तीन खुंट्या मिळाल्या. साडेसातला ती तोंड धुऊन, धुतलेला एप्रन बांधून तयार असायची, आणि कान फाटकाच्या कडीकडे. तिसऱ्या दिवसापासून सावेली कोट काढून बसू लागला. भट्टी जरा धुरकटते म्हणून त्याने एक झडप काढून साफ केली, दोन विटा बदलल्या. दुपारचा रस झाला की उठायला त्याला अर्धा तास लागायचा, मग तास. बोलायचा काय, तर कुणाच्या घरी भट्टी बांधताना काय काय सापडलं, कुणाची सून कशी. ग्लाफिरा कोबी पिळत ऐकायची. तिच्याकडे सांगण्यासारखं फारसं नव्हतं, पण ऐकून घेण्याची तीस वर्षांची भूक होती.

चौथ्या दिवशी त्याने पहिल्याच घोटाला पोट आवळलं.

"थंड गेलं की आत सुरी फिरते ग."

तिने पेला मागे घेतला, रस छोट्या पातेल्यात ओतला आणि चुलीवर ठेवला. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. आमच्याकडे आजारी माणसाला थंड देतच नाहीत. घसा धरला तर बिअरसुद्धा गरम करून पाजतात. रस कढत झाला, हिरवा रंग जाऊन पिवळट आला, घरभर शिजल्या कोबीचा वास सुटला. सावेलीने फुंकून फुंकून पेला संपवला.

"आता कसं! माणसाने प्यायचं झालं हे."

नवव्या दिवशी ग्लाफिरा रक्तदाब दाखवायला आरोग्यकेंद्रात गेली. एल्विराने हाताला पट्टा बांधता बांधता विचारलं, "निकानोरोविचांचं कसं काय? रस ताजा देता ना? आणि हो, गरम बिरम करत नाही ना? उष्णता लागली की ते जीवनसत्त्व मरतं. सगळी मेहनत पाण्यात."

"नाही हो," ग्लाफिरा म्हणाली. अडाणी म्हणून हसतील म्हणून ती खोटं बोलली, एवढंच. घरी जाऊन चूक सुधारू, असं तिने वाटेत पक्कं ठरवलं होतं. पाच दिवस फुकट गेले, जाऊ देत.

एक वाजता सावेली आला तो शीळ घालत. पावडरीमुळे असेल, पथ्यामुळे असेल, पण स्वारी खुशीत होती.

"काल झोपलो बघ! एकदाही उठलो नाही. आता राहिले बारा दिवस. मग तुझी सुटका, तिखोनोव्हना. मग रोज तीन-तीनदा माझं थोबाड बघायला नको."

पेला तिच्या हातातच होता. थंड, हिरवागार. बारा दिवस, म्हणजे छत्तीस वेळा फाटक वाजणार, आणि मग वाजणार नाही. तिला कळत होतं की हा माणूस बरा होतोय आणि आपल्याला त्याचा आनंद व्हायला हवा. आनंद होत नव्हता. तिने पातेलं चुलीवर ठेवलं आणि रस त्यात ओतला.

"शाब्बास," मागून सावेली म्हणाला. "गरमच बरा."

ही गोष्ट ऐकून काहीजण म्हणतात, त्यात काय एवढं, बिचारी एकटी बाई. बिचारी होतीच. पण ग्लाफिरा स्वतःला असं सोडणाऱ्यांतली नव्हती. गुदामात तिने कधी गाजरभरही काटा मारला नव्हता. आता ती दिवसातून तीनदा एका माणसाला भरल्या पेल्यातून काहीच देत नव्हती, आणि तिला ते नेमकं माहीत होतं.

त्याच आठवड्यात अन्फिसाच्या अंगणात कोबी चिरणं सुरू झालं. कुंपणापलीकडे सुऱ्यांचा खणखणाट. सावेली सहाच्या रसाला निघाला तेव्हा बायकांनी त्याला धरलंच.

"निकानोरिच, दिवसातून तीनदा? व्रण पोटात आहे की काळजात?"

"आणि तिच्या हातचं पितोस? जपून हो, तूही बुळबुळीत होशील!"

"तुमच्याकडे वर्षभर मुरलेला मिळतो," सावेलीने उत्तर दिलं. "मला ताजा लागतो."

हशा पिकला. खिडकीआड उभ्या असलेल्या ग्लाफिराने ते सगळं ऐकलं. भर बायकांत कुणीतरी तिच्या बाजूने बोललं होतं, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. तिचे कान तापले. मग तिची नजर चुलीवरच्या पातेल्याकडे गेली.

एकविसावा दिवस आला. मधला आराम टिकला नव्हता, दुखणं उलट वाढलं होतं. सावेलीचा चेहरा मातकट दिसत होता.

"काही उपयोग नाही," तो म्हणाला. "सोमवारी जातो कापून घ्यायला."

सांगायची ही वेळ होती. तिने तोंड उघडलं आणि वेगळंच बाहेर पडलं. "काहींना एकवीस दिवस पुरत नाहीत. दुसरे एकवीस करायचे असतात. मासिकात आलंय." असं कुठल्याही मासिकात तिने वाचलं नव्हतं.

सुरीला भ्यालेला माणूस तो, त्याला एवढाच आधार पुरला. "असं म्हणतेस? मग करू." एल्विराला त्याने सांगितलं, बराच आराम आहे.

दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या दिवशी ग्लाफिराने हिय्या केला आणि थंड पेला त्याच्या पुढ्यात ठेवला. "आजपासून असाच प्यायचा. असाच गुणकारी असतो."

त्याने एक घोट घेतला आणि कळवळून पेला खाली ठेवला. "नको ग, तिखोनोव्हना. गरम कर."

तिने दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. एकदा सांगून पाहिलं ना, असं ती स्वतःला समजावत राहिली. ते समजावणंही कढत रसासारखंच होतं, बघायला औषध आणि आत काही नाही.

तिसाव्या दिवशी आठ वाजता फाटक वाजलं नाही.

ती वाट पाहत राहिली. सव्वाआठ झाले. साडेआठ. पेल्यातल्या रसाचा तळ गढूळ झाला. शाल पांघरून ती दोनदा दारापर्यंत गेली आणि दोनदा परतली. पुरुषाच्या दारी सकाळी सकाळी जायचं, तेही अन्फिसाच्या खिडकीसमोरून! नऊला तिला राहवेना. ती गेली तेव्हा सावेली भट्टीपाशी जमिनीवर पडला होता. ओठ पांढरे, आणि शेजारच्या बादलीत कॉफीच्या गाळासारखं काळं रक्त. तो शुद्धीवर होता. "आठ वाजून गेले का?" त्याने विचारलं.

दुधाच्या ट्रकमध्ये घालून त्याला तालुक्याला नेलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. तो वाचला. पोटाचे तीनातले दोन हिस्से गेले.

ग्लाफिराने आधी एल्विराला सांगितलं. आरोग्यकेंद्रात उभ्याउभ्याच, एका दमात सगळं ओकून टाकलं. तिला वाटलं होतं पोर ओरडेल, तक्रार लिहील, निदान तोंड फिरवेल. एल्विराने चष्मा काढून पुसला. "ग्लाफिरा तिखोनोव्हना, अहो, एवढा जुना व्रण रसाने भरतो असं कोण छातीठोक सांगणार? थंड काय नि गरम काय! चूक माझी. मीच लवकर पाठवायला हवं होतं त्यांना. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका." आणि तिने तिच्यासाठी शांत झोपेचे थेंब लिहून दिले. ते थेंब ग्लाफिराने कधी आणलेच नाहीत. शिक्षा मागायला गेलेल्या माणसाला कुणी थेंब दिले की तो आणखीच एकटा पडतो.

आठव्या दिवशी तिने ओटच्या पातळ पेजेची बाटली रुमालात बांधली आणि बस धरली. सहा खाटांच्या खोलीत सावेली भिंतीकडची खाट धरून होता. दवाखान्याच्या राखी अंगरख्यात तो अर्धाच वाटत होता.

"अरे, तिखोनोव्हना! बघा मंडळी, मला रस पाजणारी ती हीच."

बाकीच्या पाचजणांनी मान डोलावली. ग्लाफिराने बाटली ठेवली, स्टूल ओढलं. घरून ती बरंच काही जुळवून आली होती, त्यातलं एकही वाक्य सापडेना.

"निकानोरिच, गरम केलं की ते मरतं," ती म्हणाली. "त्यातलं जीवनसत्त्व. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पहिल्यांदा नव्हतं. नवव्या दिवसापासून होतं. एल्विराने सांगितलं होतं. तरी मी गरम करत राहिले. आणि दुसरे एकवीस दिवस, तेही मासिकात नव्हतं. मीच बोलले."

शेजारच्या खाटेवरच्या माणसाने वर्तमानपत्र खाली केलं आणि पुन्हा वर केलं. सावेली तिच्याकडे पाहत होता. समजायला त्याला वेळ लागला, कारण अशी गोष्ट समजायला वेळ लागतोच.

"का?" त्याने विचारलं.

"तुम्ही बरे झालात की येणार नव्हता."

सावेली हात चादरीवर आणून पोटावरून हळूच फिरवत राहिला. ग्लाफिरा उठली, रुमाल घडी केला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केला. ती दाराशी पोचली तेव्हा मागून त्याचा आवाज आला. त्यात राग नव्हता, आणि तेच तिला सोसलं नाही.

"नुसतं 'या' म्हणाली असतीस तरी आलो असतो, तिखोनोव्हना."

सावेली झाओझेर्येला परत आला नाही. त्याची मुलगी रिम्मा त्याला परस्पर यारोस्लाव्लला घेऊन गेली. पोट कापलेल्या माणसाला दिवसातून सहा वेळा थोडंथोडं भरवावं लागतं, गावात कोण भरवणार? जानेवारीत जावयाने येऊन त्याच्या घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या. नव्या वर्षाला एक कार्ड आलं होतं, अक्षर रिम्माचं, खाली वडिलांचा नमस्कार.

फेब्रुवारीत एल्विरा रक्तदाब तपासायला घरी आली. बाहेर चार वाजताच अंधारून येत होतं. तिने पट्टा बांधला, हवा भरली, आकडा लिहून घेतला. इथे करमत नाही म्हणाली, रोज परत जाऊन एकटीच बसते, आणि नेमणुकीचं आणखी दीड वर्ष आहे. मग तिने बॅग मिटली, बूट चढवले. ग्लाफिरा तिच्याकडे बघत उभी होती. भट्टी तापलेली होती, चहा तयार होता, दुसरा पेलाही फळीवर होता. एक शब्द तर होता सगळा. एल्विरा ओटा उतरली, अंगण ओलांडलं, फाटकाची कडी तिने काढली तेव्हा ग्लाफिराच्या तोंडून कसाबसा आवाज फुटला.

पोर वळली. "काही म्हणालात का?"

"नाही, नाही," ग्लाफिरा म्हणाली. "पाय जपून टाका. निसरडं आहे."